दोन्ही घरचं रक्त

नव्या घरी गेलं की आम्ही आधी त्या घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस शोधतो. रक्ताचा रिपोर्ट, दवाखान्याची फाइल, आधार कार्ड हे सगळं आईबाप पिशवीतून काढून पुढं ठेवतातच. आजी मात्र ओसरीवर बसलेली असते आणि तिला कुणी काही विचारलेलं नसतं. मी तिच्यापाशी जाऊन बसते. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं चौकोन आणि गोल काढायला लागते. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. ज्याला आजार आहे तो पूर्ण काळा, जो नुसता वाहक आहे तो अर्धा. आधी आजी नुसती बघत राहते. मग तिला कागद उमजतो आणि ती मला दुरुस्त करू लागते.

‘‘हा इथं नोको लिहू. हा पहिलीचा पोरगा. दुसरीचे दोनच, एक जगला, एक गेला.’’

‘‘कायनं गेला, आजी?’’

‘‘तान्हा होता तवाच हातापायाचे पंजे फुगत त्याचे. मंग डोये पिवये. पोटात पानथरी वाढली. थंडीच्या दिवसात रातभर हाडं हाडं करून रडे.’’

वैद्यकाच्या पुस्तकात सिकलसेलची जी लक्षणं लिहिली आहेत, त्यांतली बरीच तिनं एका दमात सांगून टाकलेली असतात, आणि क्रमही बरोबर असतो. बाळ काही महिन्यांचं झालं की पंजे सुजतात, पुढं कावीळ दिसते, पांथरी वाढते, थंडीत, उन्हात, पाणी कमी पडलं की हाडांतून कळा उठतात. आजीनं हे पुस्तकात वाचलेलं नसतं. तिनं ते मांडीवर बघितलेलं असतं. मी पेन्सिलीनं तो चौकोन काळा करते. बाजूला उभी असलेली सून तेवढ्या वेळात दोनदा आत-बाहेर करते. तिला वाटत असतं की हा कागद तिच्याविरुद्ध भरला जातोय.

आमची संस्था लहान आहे. वर्ध्यात भाड्याच्या एका खोलीतून चालते आणि आष्टी-कारंज्यापासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंतच्या घरांशी तिचा संबंध आहे. अमेरिकेत हा आजार दुर्मिळ आजारांच्या यादीत मोडतो. विदर्भात तो वस्तीवस्तीत आहे. बौद्ध घरांत आहे, गोंड, परधान, कोलाम घरांत आहे, तेली-कुणब्यांच्या घरांतही आहे. संस्था काय करते, असं विचारलं तर सांगायला बरंच आहे: रक्तदात्यांची यादी, दिव्यांग प्रमाणपत्राचे खेटे, लग्नाआधीचा सल्ला, औषधाचा पाठपुरावा. पण माझ्या मते आमचं पहिलं काम तो कागद भरण्याचं आहे. आणि तो भरायला मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नाही, माझ्या आजीनं शिकवलं.

माझी आजी सासरी पुलगाव-आर्वीच्या मधल्या एका गावात नांदली. माहेर तिचं सेगावाजवळचं, म्हणजे आजच्या सेवाग्रामजवळचं. तिच्या गोष्टींत दोन्ही गावं सारखी येत. सासरच्या गोष्टीत शकुंतला असायची, आर्वीहून पुलगावला जाणारी ती छोटी गाडी, जिच्यात लेकरू मांडीवर घेऊन तिनं कितीदा तरी दवाखान्याची वाट धरली. माहेरच्या गोष्टीत हिवताप असायचा.

१९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी सेगावात राहायला आले तेव्हा आजी परकरी पोर होती. गावाची बरीचशी जमीन जमनालाल बजाजांची, वस्ती बहुतेक दलितांची, रस्ता धड नाही, पावसाळ्यात गाडीचं चाक आसापर्यंत रुते. आजीचे वडील तिथं मजुरीला जात. त्या वर्षीच्या पावसाळ्यात गांधीजींनाच मलेरिया झाला आणि त्यांना वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात हलवावं लागलं. ही नोंद इतिहासात आहे. आजीच्या घरी ती वेगळ्या तोंडानं सांगितली जाई: ‘‘महात्म्याले बी हिव सोडत नाई, तं आपल्याले कायले सोडंन?’’ दरवर्षी आश्विन-कार्तिकात घरोघर माणसं गोधड्यांखाली कुडकुडत. कोयनेलच्या गोळ्या मिळाल्या तर मिळाल्या. लेकरं मरत. आणि काही लेकरं त्याच तापातून उठून पुन्हा शेण गोळा करायला जात, जसं काही झालंच नाही.

त्या काही लेकरांबद्दल आजीला कुतूहल होतं. तिच्या बापाला एकदाही जोराचा हिवताप झाला नाही, हे ती अभिमानानं सांगे. त्याचं कारण शास्त्रानं १९५४ साली मांडलं. ॲन्थनी ॲलिसन या डॉक्टरनं पूर्व आफ्रिकेत काम करून दाखवलं की ज्या माणसाच्या रक्तात सिकलचा एकच जनुक आहे, आईकडून किंवा बापाकडून आलेला, त्याला मलेरियाचा जीवघेणा तडाखा कमी बसतो. तो जगतो, त्याची लेकरं होतात, जनुक पुढं जातो. जिथं पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथंच हा जनुक टिकला आणि वाढला. आपल्याकडचा जनुक आफ्रिकेतून आलेला नसावा. तो अरबस्तान-भारताच्या पट्ट्यात स्वतंत्रपणे उपजला, असं पुढच्या बऱ्याच अभ्यासकांनी मांडलं. म्हणजे सेगावच्या चिखलात आणि डासांत आमचे जे पूर्वज तगले, त्यांतले कितीतरी या एका जनुकाच्या जोरावर तगले. मी सभांमधून हे मुद्दाम सांगते. ज्या रक्तानं वंश वाचवला त्याच रक्ताची लोकांना लाज वाटावी, हे मला सहन होत नाही.

मात्र तोच जनुक दोन्हीकडून आला की लेकरू आजारी होतं. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या एका साखळीचा नकाशा असतो. त्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, एवढाच तो फरक. प्राणवायू कमी झाला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याच्या कडक दोऱ्या होतात, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. पुढच्या भागाला रक्त पोचत नाही. त्या उपाशी हाडाची कळ म्हणजे आजीचं ते ‘हाडं हाडं’. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून कावीळ, म्हणून रक्त कमी.

आजीचा थोरला मुलगा, माझा मोठा काका, १९४९ साली जन्मला. ते वर्ष मी विसरत नाही, कारण त्याच वर्षी जेम्स नील यांनी अमेरिकेत आणि बीट नावाच्या डॉक्टरनं आफ्रिकेत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे दाखवून दिलं की सिकलसेलच्या रुग्णाला हा दोष आई आणि बाप दोघांकडून मिळतो. एकट्या आईकडून नाही, एकट्या बापाकडून नाही. ज्या वर्षी काका जन्मला त्या वर्षी जगाला हे कळलेलं होतं. आमच्या घरी ते कळायला चाळीस वर्षं लागली, आणि त्या चाळीस वर्षांत माझ्या आजीनं जे ऐकून घेतलं ते कुठल्याच नोंदीत नाही.

काका चालायला लागला तोच मुळी उशिरा. दर हिवाळ्यात त्याला कळा येत. पणजीनं, म्हणजे आजीच्या सासूनं, सगळं केलं: अंगारे, उतारे, मरीमायला कोंबडं, मांत्रिकाकडून ताईत. मग १९५६ चा ऑक्टोबर आला. बाबासाहेब नागपुरात दीक्षा देणार म्हणून गावंच्या गावं निघाली. आजी आणि आबाजी, माझे आजोबा, दोघंही निघाले, काका आबाजींच्या खांद्यावर. शकुंतलेनं पुलगाव, तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मैदानावर उन्हात दिवसभर उभं राहायचं होतं, आणि पाणी पुरेसं नव्हतं. १४ तारखेच्या संध्याकाळी काकाच्या पायांत कळा सुरू झाल्या. आजी सांगायची की आजूबाजूच्या बायांनी आपल्या ओच्यातलं, पदरातलं जे होतं ते पुढं केलं. कुणी कांबळं दिलं, कुणी तेल चोळलं, एकीनं तांब्याभर पाणी आणून त्याच्या तोंडाला लावलं. त्या पाण्यानं त्याला बरं वाटलं, हे आजीच्या चांगलं लक्षात राहिलं होतं. पुढं ती त्याला दुखायला लागलं की आधी पाणी पाजायची. आज आम्ही प्रत्येक आईला पहिला सल्ला हाच देतो.

घरी आल्यावर देव्हाऱ्यातले टाक उचलले गेले. मरीमायचं कोंबडं बंद झालं. पुढच्याच थंडीत काका गेला, सात वर्षांचा. पणजीनं दारात बसून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हटलं की हिनं देव सोडायला लावले, म्हणून हिचं लेकरू देवानं नेलं.

आजी तेव्हा सव्वीस वर्षांची असेल. सासूपुढं तिनं त्याआधी कधी तोंड उघडलं नव्हतं. तिनं विचारलं, ‘‘देव घरात होते तवाच तं तुमची पोरगी गेली ना, आत्याबाई? तिलेबी असंच दुखे म्हनता तुमी. मंग तिले कोनं नेलं?’’

पणजीकडं उत्तर नव्हतं. तिची मुलगी, आबाजींची थोरली बहीण, नऊ-दहा वर्षांची असताना अशाच दुखण्यानं गेली होती, आणि ती गोष्ट खुद्द पणजीच दर दिवाळीला रडत रडत सांगत असे. आजीनं ती गोष्ट नीट ऐकली होती. बाकी सगळ्यांनी ती दुःख म्हणून ऐकली, आजीनं पुरावा म्हणून जपून ठेवली. हा आजार आपण या घरात यायच्या आधीपासून या घरात होता, एवढं तिला दोन गोष्टी शेजारी ठेवून कळलं होतं.

मी पुष्कळ डॉक्टरांबरोबर बसले आहे, जनुकशास्त्राच्या कार्यशाळांना गेले आहे. वंशावळ कशासाठी काढायची हे तिथं शिकवतात. ओसरीवर उभ्या त्या सव्वीस वर्षांच्या बाईनं ते काम कागदपेन्सिलीशिवाय केलं होतं.

बाहेरच्या जगातला इतिहास याच काळात वेगानं चालला होता. १९१० सालीच शिकागोत हेरिक यांनी या वाकड्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं होतं. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत सिकल सापडला. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकल वाहकांबद्दलचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापून आणला. काका जाऊन तेव्हा थोडंच झालं होतं. आमच्या गावापासून शंभरेक किलोमीटरवर बसून कुणीतरी आमच्याच रक्ताबद्दल लिहीत होतं आणि ते लंडनच्या साप्ताहिकात छापून येत होतं. त्या लेखाबद्दल मला आदर आहे. त्यानंतर तीस वर्षं आमच्यापर्यंत कुणीच आलं नाही, याचं मात्र आजही वाईट वाटतं.

माझा धाकटा भाऊ १९७९ साली जन्मला. आई ही आजीच्या सख्ख्या भावाची मुलगी. मामाची पोरगी करायची चाल आमच्याकडं होतीच. भाऊ आठ महिन्यांचा असताना त्याचे पंजे सुजले आणि आजीनं ते पाहिलं. आई सांगते, त्या दिवशी आजी जेवली नाही. कुणाला काही बोललीही नाही. एका डॉक्टरनं संधिवात म्हणून सांगितलं, इंजेक्शनं सुरू केली. दुसऱ्यानं हाडाचा टीबी म्हटलं. शाळेतले गुरुजी म्हणत की पोरगं आळशी आहे, पावसाळा लागला की दांडी मारतं. शेवटी १९८८ च्या हिवाळ्यात, त्याचा श्वास लागला तेव्हा, आबाजींनी हट्टानं त्याला सेवाग्रामला नेलं.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाबद्दल आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या मनात वेगळाच भरवसा आहे. डॉ. सुशीला नायर यांनी चाळिशीच्या दशकात बायका-मुलांसाठी सुरू केलेला तो लहानसा दवाखाना. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीत त्याचं वैद्यकीय महाविद्यालय झालं. पुढं डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत ज्वारीचा विमा चालवला: सुगीला ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणं ज्वारी द्यायची, वावर जास्त त्याची पायली जास्त, आणि वर्षभर गावाच्या दवापाण्याची सोय व्हायची. आजीच्या माहेरचे लोक अजून त्या ज्वारीच्या गोष्टी सांगतात. आपण दिलेल्या दाण्यातून हा दवाखाना चालतो, ही भावना त्यांच्यात होती, आणि अशा ठिकाणी माणूस लाजत नाही, प्रश्न विचारतो.

तिथं भावाचं रक्त तपासलं. एसएस पॅटर्न, म्हणजे आजार. मग आईबाबांचं, आजी-आबाजींचं, माझं. आई एएस, बाबा एएस, आजी एएस, आबाजी एएस, मीही एएस, म्हणजे सगळे वाहक. तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावर चौकोन-गोल काढून समजावलं. दोघंही वाहक असले की प्रत्येक खेपेला चारांत एक शक्यता आजारी मुलाची, चारांत दोन वाहकाची, चारांत एक पूर्ण निरोगी मुलाची. मागचं मूल कसं झालं याच्याशी पुढच्याचा संबंध नाही. दर खेपेला पुन्हा पहिल्यापासून. एक जोडीदार वाहक आणि दुसरा निरोगी असेल तर मूल आजारी होतच नाही.

आजीनं तो कागद मागून घेतला. तिला वाचता येत नव्हतं, पण काळे केलेले चौकोन दिसत होते. तिनं आपल्या माहेरकडं बोट नेलं. तिथं तिचा एक काका होता, खुबा धरून चालणारा, तरुणपणीच गेलेला. ‘‘हा बी काया करा,’’ ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, ‘‘म्हंजे माह्याकडूनबी आलं. दोन्हीकडून आलं.’’ तिच्या आवाजात दुःख होतं, पण मोकळेपणाही होता. आबाजी तिच्याशेजारी उभे होते. बत्तीस वर्षांपूर्वी आईनं बायकोला दारात बोल लावला तेव्हा ते गप्प राहिले होते. ‘‘माह्याकडूनबी आलं ना,’’ एवढंच ते म्हणाले.

त्या कागदाच्या बाजूला उभी राहून मी बारा वर्षांची मुलगी हे सगळं पाहत होते. संस्था काढायचं वगैरे तेव्हा काही मनात नव्हतं. नंतर नोकरी केली, लग्न केलं, लग्नाआधी नवऱ्याला स्वतःहून सांगितलं, त्यानं तपासणी करून घेतली, तो निरोगी निघाला. सासूबाईंनी वर्षभर माहेरच्या माणसांना ही गोष्ट कळू दिली नाही. मी त्यांना दोष देत नाही; भीती तेवढी मोठी आहे.

संस्था कशी चालवायची ते मात्र नागपूरकडं बघून शिकले. वेस्टर्न कोलफिल्ड्समध्ये नोकरी करणारे संपत रामटेके यांच्या मुलाला सिकलसेल निघाला आणि त्या एका बापानं नव्वदच्या दशकापासून उरलेलं आयुष्य या कामाला दिलं. सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था त्यांनी उभी केली. मंत्रालयात, संसदेत, वर्तमानपत्रांत, जिथं दार दिसलं तिथं ते अर्ज घेऊन गेले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे तीन आजार आले, त्यामागं अशा पालकांची कितीतरी वर्षांची पायपीट आहे. २०१८ साली रामटेक्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या पश्चात पत्नी जया रामटेके यांनी हे काम धरून ठेवलं. मला त्यांच्या कामातून एक गोष्ट घ्यावीशी वाटली: आजारी मुलाचा बाप दयेसाठी हात पसरत नाही, तो हिशेब मागतो.

दुसरी गोष्ट गडचिरोलीहून आली. डॉ. अभय बंग आमच्याच सेवाग्रामला, नई तालीमच्या वातावरणात वाढलेले. त्यांनी आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सुरुवातीलाच सिकलसेलची पाहणी केली, आजार मोठ्या प्रमाणात सापडला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की लोकांनी हे मागितलंच नव्हतं. लोकांना काय हवंय ते आधी विचारावं, हा धडा त्यांनी त्यातून घेतला आणि जाहीरपणे पुष्कळदा सांगितला. मी यावर खूप विचार केला आहे. आमच्या बायांनी सिकलसेलची तपासणी कधीच मागितली नसती, हे खरं. पण त्यांचा एक प्रश्न पणजीच्या काळापासून होता: हे कुणामुळं झालं? तो प्रश्न ओसरीवर, न्हाणीघरात, माहेरच्या वाटेवर रोज विचारला जात होता. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून तपासणी घेऊन गेलं की दार उघडतं, असा माझा अनुभव आहे. मोहीम म्हणून नेली की सुया बघून लोक वावरात निघून जातात.

औषधाची बाजू आता आमच्या आजीच्या काळासारखी राहिलेली नाही. हायड्रॉक्सीयुरियाची साधी, स्वस्त कॅप्सूल रोज घेतली तर बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढतं आणि कळा कमी होतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या मुलांवर कमी डोसाचा अभ्यास करून ते दाखवून दिलं. कॅप्सूल घेणाऱ्याचं रक्त वेळोवेळी तपासावं लागतं, आणि अडतं ते तिथं. वेचणीच्या हंगामात मजुरी बुडवून तालुक्याला कोण जाणार? एसटीच्या साध्या बसमध्ये सिकलसेलग्रस्ताला मोफत प्रवास आहे, दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, रक्त बदल्यात रक्त न देता मोफत मिळायला हवं. हे सगळं कागदावर आहे. आम्ही तो कागद घेऊन कंडक्टरशी, मुख्याध्यापकांशी, रक्तपेढीशी बोलत असतो. भाऊ आता आमच्या रक्तदात्यांची यादी सांभाळतो. त्याचा उजवा खुबा झिजला आहे, जिना चढवत नाही, पण रात्री दोनला फोन आला तरी कुठल्या गटाचा माणूस हिंगणघाटात आहे आणि कोणता देवळीत, हे तो वही न उघडता सांगतो.

प्रमाणपत्राचं दुखणं वेगळंच आहे. चाळीस टक्के दिव्यांगत्व धरलं गेलं तरच सवलती लागू होतात. ज्या दिवशी पोरगं बोर्डासमोर उभं राहतं त्या दिवशी त्याला दुखत नसेल तर ते धडधाकट दिसतं. कळा कुठल्या एक्स-रेत येत नाहीत. उच्च शिक्षणातल्या आरक्षणात या मुलांना जागा आहे, सरकारी नोकरीतल्या चार टक्क्यांत मात्र रक्ताच्या आजारांचा समावेशच नाही. खुबा गेला तर अस्थिव्यंग म्हणून मिळेल. म्हणजे पोराचं हाड मरेपर्यंत थांबायचं का, असं एका बापानं आमच्या बैठकीत विचारलं होतं. हा बदल व्हायलाच हवा आणि त्यासाठी आम्ही अर्ज करत राहणार आहोत.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला पंतप्रधानांनी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंत देशातून सिकलसेल हटवायचा, सात कोटी लोकांची तपासणी करायची. गावोगाव कार्डं वाटली जात आहेत. लग्नाआधी मुला-मुलीनं कार्डं बघावीत, हे बरोबरच आहे. पण कार्ड हातात देऊन पुढच्या घरी गेलेला कर्मचारी मागं काय ठेवून जातो ते आम्ही रोज पाहतो. वाहक मुलगी स्वतःला आजारी समजायला लागते. तिचं स्थळ मोडतं. वाहक मुलाचं मोडत नाही. त्याचं कार्ड कपाटात जातं. वस्तीवर शिक्का बसतो की ही अमक्या जातीची बिमारी आहे, आणि दुसऱ्या जातीतले वाहक तपासणीलाच येत नाहीत. दोन वाहकांनी लग्न केलंच असेल तर दहाव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी होऊ शकते, आणि पुढचा निर्णय त्या दोघांचा असतो, ही माहिती तर बहुतेकांपर्यंत पोचलेलीच नसते.

गेल्या हिवाळ्यात समुद्रपूरकडच्या एका घरी गेले होते. सहा वर्षांची मुलगी एसएस, आई बाजूला मान घालून उभी. सासू ओसरीवर होती. मी कागद पसरला. तिनं तासभर सांगितलं: दीर, चुलतसासरे, त्यांच्या आधीची माणसं. तीन चौकोन आणि एक गोल काळा झाला, आणि ते सगळे तिच्या स्वतःच्या सासरचे होते, सुनेच्या माहेरचं त्यांत कुणी नव्हतं. तिनं कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग सुनेला हाक मारली, ‘‘इकडं ये वो, बस इथं. तुह्या माहेरचे सांग आता, तेबी लिहून घेतील.’’ सून बसली. तिनं एक मामा सांगितला. मग सासूनं मला विचारलं की माझी आणि पोरांच्या बापाची तपासणी राहिली आहे, ती कुठं होईल, आणि धाकट्या मुलाचं लग्न फाल्गुनात ठरतंय, तर त्या मुलीकडच्यांना सांगायला तुम्ही याल का. मी येते म्हटलं. तिनं मुलीकडचं गाव सांगितलं, ते मी कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतलं.